उपासाचा चिकटा

१२ जानेवारी १९७३

दुर्बीण आली. मुंबईच्या गोदीत पावसाळ्यापासून पडून होती. लाकडी पेटी, आत फोमच्या खाचेत वेटोळं घातलेली काळी नळी, बोटाएवढी जाड. एका टोकाला आपण डोळा लावायचा, दुसरं टोक रुग्णाच्या मोठ्या आतड्यात. परदेशातल्या एका ख्रिस्ती मंडळीने वर्गणी काढून आमच्या बेथसैदा इस्पितळाला भेट दिली आहे. जिल्ह्यात दुसरी नाही. पुण्यात असेल तर मला ठाऊक नाही.

मार्था शाळेतला शेवटचा वर्ग शिकवून थेट इकडे आली. पेटीत डोकावली.

"अहो, एवढं पाठवायचंच होतं तर बोअर मारून द्यायची होती त्यांनी."

"बोअरमधून आतडं दिसत नाही."

"आणि यातून पाणी लागतं का?"

इस्पितळाची विहीर दिवाळीतच आटली. टँकर एक दिवसाआड येतो, तोही कधी अर्धा. मार्थाचं म्हणणं खरं आहे. पण मी वर्षभर परदेशात राहिलो ते आतडी पाहायला शिकण्यासाठी. विहिरी खणणारे पुष्कळ आहेत.

२५ जानेवारी

पहिले तीन रुग्ण झाले. हात बसतो आहे. डोळा बसलेलाच होता.

दया सिस्टर माझ्या खांद्याशी उभी असते. डोळा लावायला जागा एकाचीच, त्यामुळे तिला काही दिसत नाही. मी मोठ्याने बोलतो, ती ऐकते. आज काम संपल्यावर तिने विचारलं, "डॉक्टर, आत नेमकं काय बघायचं असतं?"

तिला सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. पुढे नवीन माणसांना शिकवताना लागेल.

निरोगी आतडं आतून फिकट गुलाबी आणि ओलं असतं. घड्या असतात. पृष्ठभागाखाली शिरांचं बारीक जाळं दिसतं, वाळलेल्या पिंपळपानासारखं. हे जाळं वाचत जायचं. जिथे ते तुटतं तिथे थांबायचं.

थांबल्यावर कोंब दिसतो. त्याला पॉलिप म्हणतात. काही कोंब दवाच्या थेंबासारखे, फिकट, घडीच्या माथ्यावर बसलेले. हवा भरली की पसरून जवळजवळ नाहीसे होतात. ते जन्मभर काही करत नाहीत. काही देठाचे, डोकं लाल, तुतीसारखं दाणेदार. ते काही वर्षांत बिघडतात, म्हणजे कर्करोग होतात. बोराएवढा झाला की ठेवायचा नाही. देठाला तारेचा फास घालून विजेने जाळून काढायचा. पोट उघडावं लागत नाही.

तिसरा प्रकार बिनदेठाचा. सपाट पसरलेला, मऊ, बारीक लव असलेला. मखमलीचा तुकडा चिकटवल्यासारखा. सगळ्यांत वाईट तो. बिघडण्याची घाई त्यालाच. तिकडे मी दोन पाहिले. एकदा पाहिला की माणूस विसरत नाही.

"मला एकदा बघू द्याल?" दया म्हणाली.

"पुढच्या वेळी."

८ फेब्रुवारी

काढलेले कोंब पुण्याला डॉ. जोगांकडे जातात. ते पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कळवतात. बाटलीबरोबर मी माझा अंदाज चिठ्ठीवर लिहून पाठवतो. जोगांना हा आगाऊपणा वाटला असावा. पहिल्या पत्रात त्यांनी चिठ्ठीचा उल्लेखच केला नाही. आजच्या पत्रात केला आहे. सगळे अंदाज बरोबर.

५ मार्च

काकासाहेब आले. साखर कारखान्याचे डायरेक्टर. जीप, दोन माणसं, एक पानाचा डबा. त्यांना महिनाभर शौचावाटे रक्त पडतं आहे. दोन दिवस उपास आणि एरंडेल सांगितलं होतं, कारण आतडं रिकामं नसलं तर दुर्बिणीतून काही दिसत नाही.

नळी घातली आणि काही दिसेना. शेंगदाण्याचे तुकडे. भगरीचे कण. सगळ्यावर पांढुरका, बुळबुळीत थर.

"काकासाहेब, उपास केला होता ना?"

"कडक." कुशीवर पडून, गुडघे पोटाशी घेऊनही त्यांचा आवाज सभेतलाच. "शनिवारी शिवरात्र होती. तो महादेवाचा. रविवारचा तुमचा."

"काय खाल्लं?"

"काही नाही. उपासाचंच."

"म्हणजे?"

"साबुदाण्याची खिचडी. भगर, दाण्याची आमटी. दोन रताळी. रात्री राजगिऱ्याचे लाडू, तेही बायकोनं आग्रह केला म्हणून. तुम्ही दूध नको म्हणालात, तर मी चहासुद्धा सोडला डॉक्टर!"

दया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मी नगरचाच. मला हे आधी सुचायला हवं होतं. पण आमच्या घरी उपास म्हणजे उत्तम शुक्रवारी, ख्रिस्ताच्या मरणाच्या दिवशी, दुपारची उपासना संपेपर्यंत पोटात काही नाही. त्या दिवशी कोणी खास स्वयंपाक करत नाही.

पिचकारीने पाणी मारलं. थर सुटला आणि वाहून गेला. खाली स्वच्छ गुलाबी, शिरांसकट. आणखी आत देठाचा एक कोंब सापडला. फास घातला, काढला. उत्तम काम झालं.

त्या थराला मी नाव दिलं: उपासाचा चिकटा. हे कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही.

६ मार्च

दयाने पुठ्ठ्यावर पाटी रंगवून बाकाच्या वर लावली. 'दुर्बिणीच्या आधी फक्त पाणी, कोरा चहा, शहाळे. उपासाचे पदार्थ चालणार नाहीत.' खाली माझ्या सांगण्यावरून: 'साबुदाणासुद्धा नाही.'

बाकावरच्या एका म्हातारीने पाटी कोणाकडून तरी वाचून घेतली आणि म्हणाली, "मंग ह्यो उपास कसला? ही तर उपासमार."

१५ मार्च

छबूबाई. वय चाळीसच्या आसपास. पारनेरकडची. दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडते. नवरा भिमाजी बरोबर होता. दोघं पहाटेच्या एसटीने आले आणि पाटीखाली बसून राहिले.

"रक्त कधीपासून?"

"पोळा झाल्यापून. लाल. आन् त्याच्यासंगं आव."

"आव यंदा सगळ्यांनाच आहे. टँकरचं पाणी."

"समद्यांची येती आन् जाती, दादा. माझी रोजचीच हाय. वंजळभर. पान्यावानी, चिकाट."

"गोळ्या देतो. थांबेल."

भिमाजी खांबाला टेकून उभा होता. "डाक्टरसाहेब, तिच्या पायात जीवच न्हाई राह्यला. घमेलं उचालताना मटकन खाली बसती."

"कामावरची सुकडी आणि रेशनची मिलो ज्वारी खाऊन कोणाच्या पायात जीव राहील?"

"मी पन तेच खातो की," भिमाजी म्हणाला.

रक्ताचं कारण शोधायला हवं. कोंब असणार, देठाचा. सोमवारी दुर्बीण. नियम नीट समजावले. पाणी, कोरा चहा, शहाळं.

"शहाळं खडीवर कुठं गावायचं?" छबूबाई हसली. "कळलं. काय बी खायाचं न्हाई. त्याची सवय हाय आमाला."

१९ मार्च

अंदाज बरोबर. डावीकडे वर, देठाचा कोंब, बोराएवढा, लालभडक, तुतीसारखा दाणेदार. फास एका दमात बसला. देठातून थोडं रक्त आलं, पाण्याच्या पिचकाऱ्या मारून जागा स्वच्छ केली आणि थांबल्याची खात्री केली. इतकं नेटकं काम मला परदेशातही जमलं नव्हतं.

नळी मागे घेताना खालच्या वळणावर, जिथे बोट पोचत नाही तिथे, चिकटा. पांढुरका, घट्ट, आतड्याच्या जवळजवळ निम्म्या घेरावर पसरलेला. त्यामुळे खालचं शिरांचं जाळं दिसत नव्हतं.

"छबूबाई, शेवटी खाल्लंच ना?"

"काय?"

"साबुदाणा."

"न्हाई वं दादा."

"मला आत दिसतोय."

"मंग दुसऱ्या कुनाचा आसंल."

सगळे हसले. मीही हसलो. पिचकारीकडे हात केला तर उकळलेलं पाणी संपलं होतं.

"दुसरं ठेवू का?" दयाने विचारलं. "उकळून गार व्हायला तासभर जाईल."

दुपारी वीज जाते. दिवा गेला की दुर्बीण आंधळी. शिवाय टँकर उद्या.

"राहू दे. साबुदाण्यासाठी पाणी नको."

जे काढायला आलो होतो ते काढलं. बाटली पुण्याला रवाना. चिठ्ठीवर लिहिलं: देठाचा, बिघडणारा, अजून बिघडलेला नाही.

२० मार्च

छबूबाईला आणखी एक दिवस ठेवून घेतलं आहे. दया म्हणाली, स्वयंपाकघरातून दिलेली साबुदाण्याची पेज तिने तोंडालाही लावली नाही, वाटी शेजारच्या खाटेवर सरकवली. खेड्यातल्या बायका अशाच. घरच्या भाकरीशिवाय घास उतरत नाही. दूध-पाव लिहून दिला.

मार्थाला चिकट्याचा किस्सा सांगितला. 'दुसऱ्या कुनाचा आसंल' यावर ती खूप हसली. मग म्हणाली, "पण खाल्लं नव्हतं तर?"

"तर काय?"

"काही नाही. मुलंही अशीच म्हणतात, मी नाही केलं बाई. कधीकधी खरंच केलेलं नसतं."

शिक्षिकेला सगळे वर्गासारखे दिसतात.

६ एप्रिल

जोगांचं पत्र. छबूबाईचा कोंब माझ्या चिठ्ठीत लिहिला होता तसाच निघाला. 'आपला डोळा असाच चालला तर मी सूक्ष्मदर्शक विकायला काढतो.' पत्र दयाला वाचून दाखवलं. मार्थालाही.

८ एप्रिल

पाळकांच्या विनंतीवरून आज मंडळीपुढे उपासावर बोललो. जो पोट रिकामं करत नाही, तो मनही रिकामं करत नाही. काकासाहेबांचं नाव न घेता त्यांच्या लाडवांची गोष्ट सांगितली. हशा पिकला. नंतर एकदोघांनी भाषण छापून काढा असं सुचवलं.

१७ एप्रिल

छबूबाईला भिमाजी घेऊन आला. एसटीतून दोघांनी धरून उतरवलं. उभं राहता येत नाही. पोटऱ्यांत गोळे. रक्त थांबलं आहे, ते थांबणारच होतं, पण आव वाढली आहे. गोळ्यांचा उपयोग झाला नाही.

"खडीवरच पडली," भिमाजी म्हणाला. "मुकादम म्हनला, नाटकं करती."

इसीजी काढला. रक्तातलं पोटॅशियम उतरल्याच्या खुणा स्पष्ट आहेत. हे चांगलं ओळखलं, नाहीतर हृदय बंद पडलं असतं. सलाईनमधून पोटॅशियम सुरू केलं. ऊन, घाम, आव, निकृष्ट अन्न. कारणं भरपूर आहेत. दोन दिवसांत उभी राहील.

१९ एप्रिल

आज बोलते आहे. हात दाबून बघितला, जोर आला आहे. सलाईन कमी केलं तर संध्याकाळी पुन्हा गोळे. जेवढं आत जातं तेवढं खाली वाहून जातं आहे. आवेचे जंतू तपासायला दिले होते. सापडले नाहीत. प्रयोगशाळेतला आमचा माणूस घाईने बघतो. पुन्हा द्यायला सांगितलं.

२० एप्रिल, उत्तम शुक्रवार

सकाळी कोरा चहा घेतला. मार्थाने कपाकडे पाहिलं.

"चहा म्हणजे अन्न नाही," मी म्हणालो.

"मी कुठे काय म्हटलं?"

बारा ते तीन उपासना. परत येताना वॉर्डात डोकावलो. वाटीतून साबुदाण्याची पेज फिरत होती. छबूबाईने ती नवऱ्याकडे ढकलली. "घ्या तुमी."

मी म्हणालो, "घ्या की बाई. हे तर उपासालाही चालतं तुम्हाला."

"लोकांना चालत आसंल. मला लहानपनापून वास सुदिक सोसत न्हाई. पोरीच्या बाळंतपनात करून घातला, पन मी तोंडात न्हाई घातला. बुळबुळीत." ती माझ्याकडे बघत होती. "मागच्या येळंला बी म्हनले व्हते मी तुमाला. तुमी हसला."

भिमाजी म्हणाला, "आन् घेनार कुठून? गावात दुकानात मिलो बी रांगंत मिळती."

मी तिच्या खाटेवर बसलो. इस्पितळात मी कोणाच्या खाटेवर बसत नाही.

काकासाहेबांचा चिकटा पाण्याने सुटला होता. तिच्यावर मी पाणी मारलंच नव्हतं. शिरांचं जाळं दिसत नव्हतं, आणि मी पुढे गेलो होतो.

रोज ओंजळभर. पाण्यासारखी, चिकट. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

घरी आल्यावर जेवलो नाही. मार्थाने विचारलं, उपासना तर संपली. मी म्हणालो, उद्या सकाळी पाणी लागेल, उकळलेलं, भरपूर. टँकर आलेला नाही. तिने पिण्याच्या पाण्याचे दोन हंडे चुलीवर चढवले.

२१ एप्रिल

दुर्बीण. छबूबाईच्या हातात सलाईन चालू ठेवूनच.

खालच्या वळणावर तोच पांढुरका थर, त्याच जागी. पाणी मारलं. थर फाटला, थोडा वाहिला, आणि खालून पुन्हा पाझरू लागला. पुन्हा मारलं. तिसऱ्या पिचकारीला पृष्ठभाग दिसला. मऊ, लव असलेला, लालसर, निम्म्या घेरावर पसरलेला. काठाशी शिरांचं जाळं येऊन तुटत होतं. तो चिकटा त्याच्यावर पडलेला नव्हता. तो चिकटा तो स्वतःच गाळत होता. बाईच्या अंगातलं मीठ, पाणी, पायांतला जोर, सगळं या तुकड्यातून वाहून जात होतं.

मी डोळा काढला. "सिस्टर, बघा."

दयाने आधी माझ्याकडे पाहिलं. मग डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"मखमल," ती म्हणाली. "तुम्ही जानेवारीत सांगितली होती ती."

हा फासाने निघण्यासारखा नाही. पोट उघडून आतड्याचा तेवढा भाग काढावा लागेल. त्याआधी अंगातलं पोटॅशियम भरून यायला हवं. हे सगळं मी दोघांना खाटेशी सांगितलं.

छबूबाईने विचारलं, "ह्ये मागच्या येळंला व्हतं?"

"होतं."

"दिसलं न्हाई तुमाला?"

"दिसलं. मला तो साबुदाणा वाटला."

 भिमाजी बाहेर गेला. व्हरांड्यात उभा राहून तळहातावर तंबाखू मळत होता. मळून झाली तरी तोंडात टाकली नाही. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "त्यात क्यान्सर हाय का?"

"असू शकतो. नसूही शकतो. काढल्यावरच कळेल."

"मागच्या टायमाला काडलं आसतं तर?"

"तर ही महिनाभर खडी फोडत बसली नसती."

"तसं न्हाई इचारलं मी."

मला कळलं होतं त्याने काय विचारलं ते.

२२ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

मंडळीत बसलो. भाषण छापण्याबद्दल कोणीतरी पुन्हा बोललं. नको म्हणालो.

२६ एप्रिल

भिमाजीने कुठूनतरी शहाळी आणली. नगरच्या बाजारातून, म्हणाला. शहाळ्यात पोटॅशियम असतं हे मी त्याला सांगितलं होतं. तो रोज सकाळी खाटेशी बसून कोयत्याने एक फोडतो. छबूबाई म्हणते, "लगीन झाल्यापून पैल्यांदा माझे लाड चाललेत." आज ती वॉर्डाच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

माझ्याशी तो कामापुरतं बोलतो. नियम सगळे पाळतो.

३० एप्रिल

आज शस्त्रक्रिया. पोट उघडल्यावर मी माझा असतो. आतडं सुटं केलं, वर-खाली चार-चार बोटं मोकळं अंतर ठेवून तुकडा काढला, दोन टोकं जोडली. जोड चांगला झाला, रंग चांगला, ताण नाही. यकृतावर हात फिरवला. गुळगुळीत. गाठी हाताला लागल्या नाहीत.

काढलेला तुकडा ट्रेमध्ये उभा चिरला आणि पाण्याखाली धरला. सगळीकडे मऊ. एका जागी बोटाखाली काहीतरी लागलं. चिंचोक्याएवढं, टणक.

बाटलीबरोबर नेहमीप्रमाणे चिठ्ठी. लिहिलं: मखमल. एका जागी शंका. त्यापुढे अंदाज लिहिला नाही.

४ मे

ताप नाही. पोट हललं. सकाळी पहिल्यांदा पेज द्यायची होती. दयाने स्वयंपाकघरात जाऊन तांदळाची करून घेतली आणि वाटीवर झाकण ठेवून आणली. छबूबाईने झाकण उचलून आधी वास घेतला, मग प्याली.

सलाईन काढलं. गोळे आले नाहीत. ओंजळभर जाणारी आव एकदम बंद.

९ मे

आज आणखी एक रुग्ण दुर्बिणीला आला, शेवगावकडचा शिक्षक. आत चिकटा होता. पाणी मारलं. वाहून गेला. खाली स्वच्छ. उठल्यावर त्याने स्वतःच कबूल केलं, घरी उपासाची खिचडी केली होती, राहवलं नाही.

म्हणजे माझा चिकटा खोटा नाही. तो आहे. ज्याच्या आत असतो त्याच्या आत असतो. दया आता प्रत्येक वेळी शेवटी डोळा लावते, आणि रुग्ण म्हणतो ते आधी कागदावर लिहून घेते. मी दुर्बीण हातात घेण्यापूर्वी.

जोगांचं पत्र नाही. भिमाजी पोस्टमनला फाटकावर गाठतो. पाकिटं बघून परत येतो. त्याला वाचता येत नाही. तो पुण्याचा शिक्का ओळखायला शिकला आहे.

१८ मे

पत्र आलं. भिमाजीनेच आणून दिलं आणि तिथेच उभा राहिला. मी फोडलं.

तुकडा मखमलीचाच. टणक जागी कर्करोग सुरू झाला होता. पण सगळा वरच्या थरात. भिंतीत उतरलेला नाही. कडा स्वच्छ. लगतच्या लसग्रंथी स्वच्छ.

"भिमाजी, निघालं सगळं. मागे काही राहिलं नाही."

"व्हता का?"

"होता. नुकता धरला होता. तो बाटलीत गेला."

त्याने डोक्यावरचं मुंडासं काढलं, पुन्हा घातलं. मग वॉर्डाकडे धावला. त्याला पळताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.

पत्राच्या शेवटी जोगांनी विचारलं आहे: 'याच बाईंचा देठाचा कोंब आपण मार्चमध्ये पाठवला होता ना? तेव्हा हा नव्हता?'

पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं. होता. आणखी एक ओळ सुरू केली होती, ती खोडली. कार्ड तसंच पेटीत टाकलं.

२१ मे

छबूबाई घरी गेली. जाण्याआधी तिने बाटलीत काय होतं ते विचारलं. बाटली पुण्यालाच आहे, पण मी कागदावर काढून दाखवलं. माझं चित्र वाईट. तिने कागद उभा-आडवा धरून बघितला.

"चोळीच्या मखमली तुकड्यावानी दिसतंय."

"तसंच असतं."

"आन् तुमाला साबुदाना वाटला." ती भिमाजीकडे वळली. "ह्यांच्या घरी मखमल बी न्हाई आन् साबुदाना बी न्हाई वाटतं."

दया भिंतीकडे वळली नाही. सरळ तोंडासमोर हसली. भिमाजीही हसला. या इस्पितळात पहिल्यांदा.

मी सांगितलं, दिवाळीनंतर पुन्हा यायचं. ज्याला एक येतो त्याला दुसरा येऊ शकतो. पुन्हा दुर्बीण, पुन्हा तीच तयारी. नियमांची उजळणी करू लागलो, पाणी, कोरा चहा, शहाळं.

तिने हात वर करून मला थांबवलं. खडी फोडणाऱ्या बाईचा हात, महिनाभर काम नसूनही घट्टे तसेच.

"उपासाचं माझ्याकडं लागलं," ती म्हणाली. "तुमी तेवढं पानी मारा, दादा."